डोळ्यांवरची सावली

चेन्नईच्या बीच स्थानकातून दक्षिणेकडे निघालेली लोकल गाडी शहराची दाट वस्ती मागे टाकीत, सेंट थॉमस माउंट, पल्लावरम, क्रोमपेट अशी एकेक स्थानके ओलांडीत तांबरमला येऊन पोहोचते. १९३१ साली या मार्गावर विजेची गाडी धावू लागली, तेव्हा शहराचे नाव मद्रास होते आणि तांबरम हे शहराबाहेरचे, टेकड्यांच्या आणि तळ्यांच्या सान्निध्यातले एक शांत ठिकाण होते. तांबरमच्या अलीकडच्या स्थानकाला आजही ‘तांबरम सॅनेटोरियम’ असेच नाव आहे. एखाद्या आरोग्यधामावरून रेल्वे स्थानकाला नाव पडावे, ही गोष्ट तशी विरळाच. हे आरोग्यधाम क्षयरोग्यांचे होते आणि तेथे रोग्याला ज्या औषधांवर ठेवीत, त्यांत एक औषध बाजारात विकत मिळणारे नव्हते. ते औषध म्हणजे ऊन.

या संस्थेचे संस्थापक डॉक्टर चौरी मुथू हे इंग्लंडमध्ये क्षयरोगाचे तज्ज्ञ म्हणून नावाजलेले होते. मेंडिप टेकड्यांतील त्यांच्या आरोग्यधामात १९१७ साली थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांनी काही काळ उपचार घेतले होते. पुढे मुथू मायदेशी परतले आणि १९२८ साली त्यांनी तांबरमला अवघ्या १२ खाटांचे आरोग्यधाम उघडले. मोकळी हवा, सूर्यप्रकाश, विश्रांती आणि सकस आहार ही त्या काळच्या क्षयोपचाराची चतुःसूत्री होती. महाराष्ट्राला पाचगणीच्या आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामांमुळे ती चांगली परिचित आहे. १९३७ साली तांबरमची ही संस्था सरकारकडे गेली आणि वाढत वाढत छातीच्या विकारांचे एक मोठे सरकारी रुग्णालय झाली.

उन्हाला औषध मानणे ही त्या काळी भाबडी समजूत नव्हती. डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रज संशोधकांनी १८७७ साली सूर्यप्रकाशाने जंतू मरतात असे दाखवून दिले होते. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लेझां या पहाडी गावी डॉक्टर रोलिये यांनी सूर्यस्नानाचे प्रसिद्ध चिकित्सालय उघडले. परंतु या सूर्योपचारातही एक नियम काटेकोरपणे पाळला जाई. ऊन द्यायचे ते अंगाला. मस्तक पांढऱ्या टोपीने झाकायचे आणि डोळ्यांवर रंगीत काचा चढवायच्या. ज्यांनी सूर्याला वैद्य मानले, त्यांनीही डोळे मात्र त्या वैद्याच्या हाती दिले नाहीत. डोळ्यांवरच्या या सावलीची कथा मोठी जुनी आहे, आणि ती समजून घेण्यास तांबरमइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

तांबरम विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३ अंशांवर आहे. वर्षातून दोनदा, एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या मध्यानंतर, दुपारी सूर्य तेथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. मुंबई-पुण्याकडे हाच योग मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस येतो, पण जुलैमध्ये तो बहुधा ढगांत हरवतो. मे महिन्यातील कडक उन्हाच्या पर्वाला तमिळ लोक ‘अग्निनक्षत्र’ म्हणतात. अशा प्रदेशात मनुष्याने डोळे कसे जपले असतील, हा प्रश्न सहजच मनात येतो.

याचे पहिले उत्तर निसर्गानेच दिलेले आहे. कपाळाची पुढे आलेली कड, भुवया, पापण्या आणि आकुंचन पावणारी बाहुली यांच्या योगाने माध्यान्हीचा डोक्यावरचा सूर्य डोळ्यांत थेट शिरत नाही. डोळ्याला खरा उपद्रव होतो तो तिरप्या उन्हाचा आणि खालून परावर्तित होऊन येणाऱ्या प्रकाशाचा. समुद्राचा फेस अतिनील किरणांचा सुमारे चौथा हिस्सा परत फेकतो, कोरडी वाळू सुमारे १५ टक्के, आणि ताजे बर्फ तर ८० टक्क्यांपर्यंत. म्हणून कोळी, मिठागरावरचा मजूर आणि हिमप्रदेशातला प्रवासी या तिघांचे डोळे एकाच शत्रूला तोंड देत असतात.

या शत्रूचे नाव मनुष्याला १८०१ पर्यंत ठाऊक नव्हते. त्या वर्षी योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने सूर्याच्या वर्णपटात जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तेथेही चांदीचे क्षार काळे पडतात असे दाखविले. हेच ते अतिनील किरण. डोळ्याचे पुढचे पारदर्शक पटल त्यांतील तीव्र भाग शोषून घेते, त्यामागचे भिंग उरलेला बहुतेक भाग अडविते, आणि म्हणूनच आतला नाजूक दृष्टिपटल सुरक्षित राहतो. मात्र ही पहारेकऱ्याची चाकरी करता करता भिंग स्वतः झिजते, पिवळसर आणि धूसर होत जाते. मोतीबिंदूला वय, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान अशी अनेक कारणे आहेत. आयुष्यभर डोळ्यांत गेलेले ऊन हे त्यांपैकी एक आहे.

नाव ठाऊक नसले तरी अनुभव ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांचा विस्तृत विचार आहे. उन्हाने तापलेल्या मनुष्याने एकदम पाण्यात शिरणे, धूर आणि धूळ डोळ्यांत जाणे यांची गणना तेथे नेत्ररोगांच्या कारणांत केलेली आहे. त्याहूनही लक्षणीय अशी एक नोंद तेथे आढळते. अत्यंत तेजस्वी वस्तूंच्या दर्शनाने दृष्टी नष्ट होते, पण डोळा मात्र वरून निर्मळच दिसतो, असे ग्रंथकार सांगतो. ही नोंद देव, गंधर्व आणि नाग यांच्या दर्शनाच्या उल्लेखासोबत येते, म्हणून तिच्याकडे पुराणकथा समजून दुर्लक्ष होण्याचा संभव आहे. परंतु सूर्याकडे एकटक पाहिल्याने दृष्टिपटलाचा मध्यबिंदू जळतो आणि बाहेरून डोळा निर्दोष दिसतो, हे आजचा नेत्रवैद्यही सांगतो. शब्द निराळे आहेत, निरीक्षण तेच आहे.

पाश्चात्त्य विद्वानांनीही हा धडा स्वतःच्या डोळ्यांवर गिरविला. आयझॅक न्यूटन यांनी तरुणपणी आरशातले सूर्याचे प्रतिबिंब पाहण्याचा प्रयोग केला. परिणामी जिकडे पाहावे तिकडे सूर्याचीच प्रतिमा दिसू लागली आणि ती घालविण्यासाठी त्यांना तीन दिवस अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. ग्रहणाच्या दिवशी हा मोह सर्वसामान्यांनाही होतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ कोकणात विजयदुर्गावर आपली उपकरणे घेऊन आले होते आणि पुण्याचे प्राध्यापक नायगामवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले होते. शास्त्रज्ञ दुर्बिणीला आणि वर्णपटदर्शकाला डोळा लावीत असताना घरोघर काजळी धरलेल्या काचेतून किंवा परातीतल्या हळदीच्या पाण्यात ग्रहण पाहण्याची रीत होती. हे दोन्ही उपाय अपुरे आहेत, हे आता निश्चित झालेले आहे. ग्रहणासाठी खास बनविलेल्या गाळणीशिवाय सूर्याकडे पाहू नये, आणि नेहमीचा काळा चष्मा, मग तो कितीही उंची असो, या कामी मुळीच चालत नाही.

डोळ्यांवर सावली धरण्याचे पहिले खरे उपकरण उष्ण प्रदेशात नव्हे, तर अतिशीत प्रदेशात निर्माण झाले. उत्तर ध्रुवाजवळ राहणारे इन्युइट लोक शेकडो वर्षांपासून हाडाच्या, हस्तिदंताच्या किंवा लाकडाच्या पट्टीला बारीक आडवी फट पाडून ती डोळ्यांवर बांधीत आले आहेत. तिच्यात काच नाही, रंग नाही, आहे फक्त अरुंद फट. बर्फावरून उसळणारा प्रकाश तिने अडतो आणि हिमांधत्व टळते. हिमांधत्वाची पीडा प्रकाश लागताक्षणी जाणवत नाही. ती काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी सुरू होते. कारण दिवसा आणि वेदना रात्री, अशी ही व्याधी आहे. असे असूनही त्या लोकांनी दोहोंचा संबंध ओळखला आणि त्यावर अचूक उपाय शोधला. कोणत्याही प्रयोगशाळेला भूषण वाटावे असे हे संशोधन होय.

चीनमध्ये बाराव्या शतकाच्या सुमारास धुरकट स्फटिकाच्या चपट्या काचा डोळ्यांवर लावीत. न्यायाधीश त्यांचा उपयोग साक्षीदारांपासून आपल्या चेहऱ्यावरील भाव लपविण्यासाठी करीत, असे सांगितले जाते. युरोपात लंडनचे चष्मेवाले जेम्स एस्को यांनी १७५० च्या सुमारास निळ्या आणि हिरव्या काचांची शिफारस केली. पांढऱ्या काचेतून येणारा झगझगीत प्रकाश डोळ्यांना बाधक असतो, असे त्यांचे मत होते. या दोन्ही उदाहरणांत उन्हापासून संरक्षण हा हेतू नव्हता. काळ्या चष्म्याच्या वाट्याला आरंभापासूनच दुहेरी प्रारब्ध आले. काहींच्या दृष्टीने तो औषध होता आणि काहींच्या दृष्टीने पडदा.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांना येथल्या उन्हाची मोठी धास्ती होती. पण त्यांचे भय डोळ्यांविषयी नव्हते, ते मेंदूविषयी आणि मज्जारज्जूविषयी होते. उष्ण कटिबंधातल्या सूर्याचे अदृश्य किरण कवटी भेदून गोऱ्या मनुष्याच्या मज्जासंस्थेची हानी करतात, अशी उपपत्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी पुष्कळ मान्यता पावली होती. चार्ल्स वूडरफ या अमेरिकन लष्करी डॉक्टराने १९०५ साली त्यावर एक ग्रंथच लिहिला. पुढे फिलिपाइन्स बेटांत सैनिकांना नारिंगी-तांबडी अंतर्वस्त्रे देऊन प्रयोगही करण्यात आला. त्यातून लाभ काहीच दिसला नाही. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या भेंडापासून केलेली साहेबी टोपी, म्हणजेच सोला हॅट, ही याच समजुतीचे प्रतीक होती. दुसऱ्या महायुद्धात सैनिक तिच्यावाचून उन्हात वावरू लागले आणि त्यांना काही झाले नाही, तेव्हा ती उपपत्ती कोसळली. तथापि या टोपीच्या रुंद काठाने एक काम नकळत केले. तिने डोळ्यांवर सावली धरली. कारण चुकीचे, पण कृती हितकर, असे हे उदाहरण आहे.

डोळ्यांची खरी चिंता मद्रासमध्ये दुसरीकडे वाहिली जात होती. १८१९ साली तेथे स्थापन झालेले नेत्ररुग्णालय हे जगातील अत्यंत जुन्या नेत्ररुग्णालयांपैकी एक होय. पुढे ते एग्मोर भागात स्थिरावले. तेथील अधीक्षक कर्नल रॉबर्ट एलियट यांनी १९०९ साली काचबिंदूवर एक नवी शस्त्रक्रिया प्रचारात आणली आणि ती त्यांच्याच नावाने जगभर ओळखली गेली. याच काळाच्या आधी, दक्षिणेत तंजावरला, एक मराठी राजा नेत्रचिकित्सेत गढून गेला होता, ही गोष्ट मराठी मनाला अभिमान वाटावा अशी आहे. सरफोजीराजे दुसरे १७९८ साली गादीवर आले. दुसऱ्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला, परंतु राजांनी आपले उर्वरित आयुष्य विद्येला वाहिले. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला, औषधांचे प्रयोग करविले आणि चाळीसहून अधिक नेत्ररुग्णांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह करून ठेवविली. ती टिपणे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झालेली आहेत. राज्य गेल्यावर ज्या राजाने प्रजेचे डोळे राखण्याचा उद्योग आरंभिला, त्याची आठवण या कथेत अवश्य असावी.

डोळे वाचविणारी काच शास्त्रीय पद्धतीने तयार करण्याचे श्रेय मात्र इंग्लंडच्या विल्यम क्रूक्स यांच्याकडे जाते, आणि तिचा उगम श्रीमंतांच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेला नाही. तो झाला काचेच्या भट्टीपाशी. वितळलेल्या काचेच्या तप्त गोळ्याकडे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या कामगारांना लवकर मोतीबिंदू होतो, असे दिसून आले होते. रॉयल सोसायटीच्या समितीने हा प्रश्न हाती घेतला आणि क्रूक्स यांनी निरनिराळ्या धातूंची संयुगे मिसळून ३०० हून अधिक प्रकारच्या काचा तयार केल्या. दृश्य प्रकाश पुरेसा जाऊ द्यावा आणि उष्णतेचे व अतिनील किरण अडवावेत, असा त्यांचा उद्देश होता. १९१३ साली त्यांनी आपले निष्कर्ष सोसायटीपुढे मांडले. भट्टीवरच्या मजुरासाठी घडविलेली ही काच लौकरच दुकानांतून मिरवू लागली आणि तिचा लाभ ज्यांना झाला, त्यांत भट्टी कधी न पाहिलेले लोक अधिक होते. काळ्या चष्म्याच्या इतिहासातील ही विसंगती पुढेही वारंवार आढळते.

१९२९ च्या सुमारास अमेरिकेत सॅम फॉस्टर यांनी सेल्युलॉइडचे स्वस्त रंगीत चष्मे अटलांटिक सिटीच्या समुद्रतटावर विकण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी एडविन लँड यांनी ध्रुवीकरण करणाऱ्या पातळ पापुद्र्याचे एकस्व मागितले. पाण्यावरून किंवा रस्त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश मुख्यतः एकाच दिशेने स्पंदन पावतो. हा पापुद्रा नेमका तोच अडवितो, म्हणून चकाकी नाहीशी होते आणि पाण्याखालचा खडकही दिसू लागतो. त्यानंतरच्या दशकात अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांसाठी हिरवट काचेचे चष्मे तयार झाले आणि १९३७ साली ते ‘रे-बॅन’ या नावाने बाजारात आले. त्यांच्या काचा खाली निमुळत्या होत जाणाऱ्या थेंबासारख्या होत्या, कारण वैमानिकाला नजर खाली वळवून उपकरणांकडेही पाहावे लागते.

तांबरमचा दुसरा परिचय येथे येतो. आरोग्यधामापासून थोड्याच अंतरावर, रेल्वेच्या पूर्वेस, भारतीय वायुदलाचा तळ आहे. विमान चालविण्यास शिकविणारे शिक्षक घडविणारी वायुदलाची प्रशाला १९५४ पासून येथे नांदते आहे. आकाशात सूर्य हा वैमानिकाचा सोबती नव्हे. त्याच्या तेजात दुसरे विमान दडून बसू शकते आणि ढगांवरून उसळणारा प्रकाश डोळे दिपवितो. म्हणून गडद काच हे वैमानिकाच्या बाबतीत भूषण नसून हत्यार आहे. एकाच गावात एकीकडे उन्हाला औषध मानणारे रुग्णालय आणि दुसरीकडे उन्हाशी सामना करणारे विमानतळ नांदावे, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

वैमानिकांच्या डोळ्यांनी नेत्रवैद्यकाला आणखी एक देणगी दिली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छताचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. काचेचा तुकडा डोळ्यात राहिला तर डोळा चिडतो, पण हा कृत्रिम पदार्थ डोळ्याने निमूटपणे सोसला, असे लंडनचे नेत्रशल्यज्ञ हॅरल्ड रिडली यांच्या ध्यानात आले. त्याच पदार्थाचे भिंग करून त्यांनी १९४९ साली मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात ते बसविले. तोवर मोतीबिंदू काढला म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग जाई आणि त्याबरोबर अतिनील किरणांना अडविणारा पहारेकरीही जाई. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्यावर १९२३ साली अशी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा रंग विचित्र दिसू लागल्याने त्यांना रंगीत काचांचा आश्रय घ्यावा लागला होता. १९८० नंतरच्या काळात कृत्रिम भिंगांतच अतिनील किरण शोषणारे द्रव्य घालण्यात येऊ लागले आणि गेलेला पहारेकरी पुन्हा जागेवर आला.

भारतातील खेड्यापाड्यांत काळ्या चष्म्याची ओळख या शस्त्रक्रियेमुळेच झाली. चित्रपटातील नायकाने तो शौक म्हणून लावला, परंतु गावच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर तो दिसला की, ‘आजोबांचा मोतीबिंदू काढला वाटतं,’ असेच लोक म्हणत. गावोगाव शिबिरे भरवून हजारो गोरगरिबांना दृष्टी देणाऱ्या डॉक्टर मुरुगप्पा मोदी यांचे नाव महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या सीमाभागात आजही आदराने घेतले जाते. १९७६ साली सरकारने अंधत्व-निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी मदुराईत डॉक्टर वेंकटस्वामी यांनी अरविंद नेत्ररुग्णालय स्थापिले आणि १९९२ पासून त्यांच्या संस्थेने कृत्रिम भिंगे देशातच, अल्प किमतीत तयार करण्यास आरंभ केला. गेलेली दृष्टी परत देण्यात या देशाने, आणि विशेषतः तमिळनाडूने, जगाला धडा घालून दिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. परंतु दृष्टी जाऊच नये, निदान लवकर जाऊ नये, यासाठी उन्हात राबणाऱ्याच्या डोळ्यांवर सावली धरण्याकडे तितके लक्ष गेले नाही.

ऊन आणि मोतीबिंदू यांचा संबंध केवळ तर्काने मानण्याची आता आवश्यकता नाही. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात खेकडे आणि शिंपले पकडणाऱ्या ८३८ कोळ्यांची तपासणी करून ह्यू टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या डोळ्यांत आयुष्यभरात अतिनील किरण अधिक गेले, त्यांना एका विशिष्ट प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका अधिक असल्याचे त्यांत दिसून आले. या अभ्यासात प्रत्येक कोळ्याने किती वर्षे, कोणत्या ऋतूत, किती तास पाण्यावर घालविले आणि डोक्यावर टोपी किंवा डोळ्यांवर चष्मा होता की नाही, याचाही हिशेब केलेला होता. काठाची साधी टोपी आणि साधा चष्मा यांनीही डोळ्यांत जाणारे किरण पुष्कळ कमी होतात, हे त्यावरून स्पष्ट झाले. या कामी महागड्या वस्तूची गरज नाही, ही त्यातली सर्वांत मोलाची शिकवण होय.

येथे एका भ्रमाचे निरसन होणे इष्ट आहे. काच जितकी काळी तितकी ती हितकर, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः रंगाचा आणि अतिनील किरण अडविण्याचा संबंध नाही. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची पूर्ण पारदर्शक, रंगहीन काचही हे किरण जवळजवळ सर्वस्वी अडविते. उलट नुसता रंग दिलेली निकृष्ट काच प्रकाश मंद करते, त्यामुळे बाहुली मोठी होते आणि न अडविलेल्या किरणांना आत शिरण्यास दार अधिक उघडे मिळते. म्हणून ऑस्ट्रेलियाने १९७१ साली जगात प्रथम उन्हाच्या चष्म्यांसाठी राष्ट्रीय मानक ठरविले आणि पुढे इतर देशांनी त्याचे अनुकरण केले. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविते अशी खात्री असलेली काच, कडेने प्रकाश आत येऊ न देणारी चौकट आणि वर टोपीचा काठ, एवढे असले म्हणजे पुरे. रंग आवडीचा प्रश्न आहे.

तथापि सूर्याला केवळ शत्रू लेखणे हाही तितकाच मोठा भ्रम ठरेल. ऊन अंगावर पडल्याने शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. सिडनी शहरातील शाळकरी मुलांच्या अभ्यासातून २००८ साली असे दिसून आले की, जी मुले अधिक वेळ घराबाहेर उजेडात खेळतात, त्यांच्यात दूरचे न दिसण्याचा दोष कमी आढळतो. मुलांना अंधाऱ्या खोलीत कोंडून त्यांचे डोळे सुधारत नाहीत. त्यांना मोकळ्या उजेडात खेळू द्यावे, आणि उन्हाचा ताप फार झाला तर झाडाची किंवा टोपीची सावली द्यावी.

तांबरमच्या आरोग्यधामाच्या इतिहासातही असाच एक विवेकाचा धडा आहे. १९५६ साली मद्रास शहरात क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. नवी औषधे नियमितपणे घेतली, तर आपल्या दाटीवाटीच्या घरात, जेमतेम आहारावर राहणारा गरीब रोगीही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो, असे त्या केंद्राने १९५९ साली सिद्ध केले. एका पिढीने ज्या उन्हावर आणि मोकळ्या हवेवर भिस्त ठेविली, तिची कसोटी त्याच शहराने घेतली आणि निकाल निःसंकोचपणे जगापुढे मांडला. हजारो गरिबांना घर आणि रोजगार सोडून आरोग्यधामात खाट शोधण्याची गरज त्यामुळे उरली नाही. सोला हॅटमागील भय, सूर्यस्नानावरील श्रद्धा आणि काळ्या काचेचा भरवसा, या तिन्हींना हीच कसोटी लागू पडते. जे तिच्यावर उतरेल ते ठेवावे आणि बाकीचे सोडून द्यावे.

काळ्या चष्म्याचा इतिहास पाहिला म्हणजे तो न्यायाधीशाच्या, साहेबाच्या, वैमानिकाच्या आणि नटाच्या डोळ्यांवर प्रथम चढला असे दिसते. ज्यांच्या डोळ्यांत सर्वांत अधिक ऊन जाते तो शेतकरी, तो मिठागरावरचा मजूर, तो नाखवा, डांबर घालणारी ती बाई, यांच्यापर्यंत तो सर्वांत शेवटी पोहोचला, आणि कित्येकांपर्यंत अद्याप पोहोचलेलाच नाही. त्यांनी आपापली सावली आपणच शोधली. शेतकऱ्याने फेट्याचा किंवा उपरण्याचा शेव कपाळावर ओढला, शेतातल्या बाईने पदर पुढे घेतला, तर तमिळ देशातल्या शेतकऱ्याने ताडाच्या पानांची छत्री केली. आणि जेव्हा यांतले काहीच जवळ नव्हते तेव्हा दूरवरून येणारा माणूस ओळखण्यासाठी प्रत्येकाने आपला हात कपाळावर आडवा धरला.

तो आडवा हात हाच जगातील पहिला उन्हाचा चष्मा होय. क्रूक्स यांची काच, लँड यांचा पापुद्रा आणि रिडली यांचे भिंग ही सारी त्याच हाताची वंशपरंपरा आहे. अडचण एवढीच आहे की, ज्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात त्याला कपाळावर हात धरता येत नाही. त्याच्या डोळ्यांवर सावली धरण्याचे काम इतरांना करावे लागते. तांबरमच्या मैदानावर एप्रिलच्या त्या दुपारी खांबाची सावली नाहीशी होते, तेव्हाही कोणीतरी तेथे रुळांची दुरुस्ती करीत असतो, कोणीतरी विटा वाहत असतो. त्याच्या डोक्यावर काठाची टोपी आणि डोळ्यांवर साधी, खात्रीची काच ज्या दिवशी सहजपणे दिसू लागेल, त्या दिवशी ती काच प्रथम घडविणाऱ्यांचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.